शहात्तर किलोमीटर अनवाणी

"नो शूज, नो स्टार्ट," असं म्हणत त्या माणसानं आमच्या हिच्या पायांकडं बोट केलं आणि रांगेतली वीसेक डोकी एकदम खाली वळली.

सकाळचे सात वाजले होते. इटलीत, टस्कनीतल्या एका टेकडीवरचं मोंतेकारा नावाचं गाव. थंडी अशी की बोलताना तोंडातनं वाफ निघत होती. चौकात दीडशे सायकलवाले जमलेले. चकाचक जर्सी, चकाचक सायकली. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, गार फरशीवर, आमची इंदुमती उभी. डोक्याला हेल्मेट, हातात मोजे, कपाळाला कुंकू, आणि खाली दोन्ही पाय उघडे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. मी हिंदुराव खराडे, कोल्हापूरचा. शिरोलीत माझी फौंड्री आहे. पन्नाशीनंतर डॉक्टरनं सायकल चालवा म्हणून सांगितलं आणि मी क्लबात गेलो. सायकल मी बरी चालवतो, पण आवाज माझा क्लबात सगळ्यात मोठा, हे कुणीही सांगेल. इंदुमती मुलींच्या हायस्कुलात पीटीच्या बाई. ती आमच्या लग्नाआधीपासनं सायकलवर फिरणारी, तिला क्लब कशाला लागतोय? तरी माझ्या आग्रहाखातर ती आली आणि वर्षाच्या आत निम्म्या पुरुषांना मागं टाकायला लागली. दाताचे डॉक्टर अजित मगदूम आमचे अध्यक्ष. तरुणपणी ते दोन वर्षं मिलानला शिकायला होते, इटालियन फाडफाड बोलायचे. त्यांनीच हे इटलीच्या राइडचं काढलं. द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांतनं, खडीच्या कच्च्या रस्त्यांनी, शहात्तर किलोमीटर. पहिला नंबर वगैरे भानगड नाही. मधल्या दोन ठाण्यांवर कार्डावर शिक्के मारून घ्यायचे आणि संध्याकाळी पाचच्या आत परत गावात यायचं, एवढंच. पाठीमागनं एक टेम्पो सोडतात. त्याला ते लोक झाडूगाडी म्हणतात. जो मागं पडेल त्याला सायकलीसकट उचलायचं आणि आत टाकायचं.

निघताना मी निम्म्या कोल्हापूरला सांगून ठेवलं होतं की खराडे काय झाडूगाडीत बसणाऱ्यातले नव्हेत.

तिथं त्या मोसमात दर रविवारी ही राइड असते, त्यातली तारीख मीच निवडली. ऑक्टोबरातला दुसरा रविवार. त्या दिवशी ललिता पंचमी येते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आता आमच्याकडं नवरात्र म्हणजे काय, ते सांगतो. घट बसले की अंबाबाईच्या गावातली हजारो माणसं दसऱ्यापर्यंत पायात काही घालत नाहीत. इंदुमतीचं हे बावीस वर्षं चाललेलं. उपास आणि अनवाणी. पंचमीला तर त्र्यंबोलीच्या टेकडीपर्यंत चालत. शाळेच्या मैदानावरसुद्धा गळ्यात शिट्टी आणि पाय उघडे, असलीच मूर्ती.

आम्ही इटलीत उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी घटस्थापना. सकाळी बघतो तर हिनं बूट, चपला सगळं पिशवीत भरून बॅगेच्या तळाला घातलेलं.

"अगं, हे काय?"

"घट बसले आज."

"आणि रविवारची राइड?"

तिनं बॅगेतनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढून टेबलावर उलगडलं. आत दोन रबरी पायडलं. जुन्या लेडीज सायकलची असतात तसली, रुंद आणि मऊ. भाड्याच्या सायकलला लोखंडी दातांची पायडलं असणार, हे तिनं घरीच ओळखलं होतं.

"म्हणजे तुला तारीख ठाऊक होती?"

"तुम्ही तिकिटं काढलीत तेव्हाच पंचांग बघितलं की."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?"

आता बोला! पायडलंसुद्धा तिनंच बसवली. डावीकडच्याचे आटे उलटे असतात, हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत ते पक्कं झालेलं होतं.

तर तो अडवणारा माणूस. क्लाउदिओ त्याचं नाव, साठीचा, गळ्यात ओळखपत्र, हातात यादी. मगदूम पुढं झाले. दोघांचे बरेच हातवारे झाले.

"वहिनी, तो म्हणतोय खडी धारदार आहे," मगदूम म्हणाले. "पाय कापला तर जबाबदारी कुणाची?"

मागं रांग खोळंबलेली. कुणीतरी मोबाइल काढून पायांचा फोटो घेतला. माझी कानशिलं तापली. मी इंदूला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो, "हे बघ, तुझे पांढरे बूट मी येताना पिशवीत टाकलेत. दोन मिनिटं घाल. त्या वळणापलीकडं गेलो की काढून टाक. देवी काय इथवर बघायला येतीय?"

ती माझ्याकडं बघत राहिली. रागावली असती तर मला परवडलं असतं. नुसती बघत राहिली, मला पहिल्यांदाच बघितल्यासारखी. मग वळली आणि थेट क्लाउदिओसमोर जाऊन उभी राहिली.

"रूल बुक," ती म्हणाली. "शो मी."

अहो, पंचवीस वर्षं जिल्ह्याच्या खो-खोच्या मॅचेसना पंच म्हणून उभी राहिलेली बाई ती. मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या पोरींना फाउल देऊन बाहेर बसवलेली. क्लाउदिओनं खिशातनं घडी घातलेला कागद काढला. मगदूमांनी एकेक कलम मोठ्यानं वाचलं. हेल्मेट सक्तीचं. दोन्ही ब्रेक चालू पाहिजेत. घंटी पाहिजे, पाणी पाहिजे. बुटाचं कुठं नावही नव्हतं.

"नो शूज रूल," इंदू म्हणाली. "सो, स्टार्ट."

रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. क्लाउदिओनं डोकं खाजवलं, कुणाला तरी फोन लावला आणि शेवटी एक अट घातली. दोन्ही ठाण्यांवर डॉक्टर असेल. डॉक्टर तिचे पाय बघेल. जखम दिसली, रक्त दिसलं, की शिक्का नाही, राइड तिथंच बंद आणि बाई झाडूगाडीत.

"ओके," इंदू म्हणाली आणि कागदावर मराठीत सही ठोकली.

म्हणजे आता सगळं तिच्या तळपायांवर होतं. एक दगड उलटा लागला की खेळ खलास.

पहिले वीस किलोमीटर मी तिच्याशी बोललो नाही. रुसलो होतो म्हणा ना. रस्ता मात्र देखणा होता, खोटं कशाला बोलू? पांढऱ्याफटक खडीचा रस्ता टेकडीच्या कडेकडेनं वळत जाणारा, दोन्ही अंगांना द्राक्षाच्या ओळी वर चढत गेलेल्या, पानं पिवळी-तांबडी झालेली. तोडणी संपत आली होती. कुठंतरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काळी द्राक्षं भरलेली दिसायची आणि त्यांचा आंबूस-गोड वास रस्त्यावर यायचा. चाकाखाली खडी कुरकुरायची. उतारावर ब्रेक जरा जास्त दाबला की मागचं चाक सरकायचं आणि जीव गळ्याशी यायचा. इंदू माझ्या पुढं शंभर फुटांवर. थंडीनं तिच्या पायांची बोटं लाल झालेली मला तेवढ्या लांबनंही दिसत होती. तिचा वेग ना कमी होत होता, ना जास्त.

सत्ताविसाव्या किलोमीटरला चढ लागला. असला उभा की माझे गिअर संपले, मग मांड्या संपल्या. एकेक जण उतरून सायकल ढकलायला लागला. आणि तिथं गंमत झाली. या सायकलवाल्यांच्या बुटाचा तळ असतो लाकडासारखा कडक, आणि त्याला पायडलमध्ये अडकवायची खुटी असते. तसल्या बुटानं सुट्या खडीवर उभा चढ चढायचा म्हणजे दोन पावलं वर आणि एक खाली. जर्मन घसरत होते, डच घसरत होते, मगदूमांनी तर रस्त्याकडेचा खांब धरून ठेवला होता. आणि त्या सगळ्यांच्या मधनं आमची इंदू चालत निघाली. बोटं खडीत रोवायची, टाच टेकायची, पुढचं पाऊल. एका हातानं सायकल धरलेली. एकेकाला मागं टाकत गेली. मलाही टाकलं.

"सावकाश या," एवढंच म्हणाली.

सावकाश? मी खराडे! चिडून पाय जोरात टाकला, बूट सटकला आणि मी सायकलीसकट आडवा. उठलो तेव्हा गुडघा फुटला होता.

पहिलं ठाणं वरच होतं, एका द्राक्षमळ्याच्या अंगणात. डॉक्टर म्हणजे एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, सिल्व्हिया नावाच्या. त्यांना आधीच कळवलेलं दिसलं. त्यांनी इंदूला खुर्चीवर बसवलं, पायांवर पाणी ओतलं, चष्मा नाकावर घेऊन बोटांच्या बेचक्या बघितल्या, तळवे दाबले. धुळीखाली काही नव्हतं. एक ओरखडासुद्धा नव्हता. मग त्यांची नजर माझ्याकडं गेली. माझ्या नडगीवरनं रक्त ओघळून मोज्यात उतरत होतं. अख्खं अंगण हसलं. तपासणी हिची झाली आणि पट्टी मला बांधली.

तोवर बातमी पसरली होती. 'स्काल्झा, स्काल्झा' असं काहीतरी लोक म्हणत होते. म्हणजे अनवाणी बाई, मगदूमांनी सांगितलं. एक जोडपं येऊन तिच्याबरोबर उभं राहून फोटो काढून गेलं. मळ्याच्या मालकिणीनं पाव, चीज, वाइन असं ताट पुढं केलं. इंदूनं हात जोडून नको म्हटलं. उपास आहे, हे मगदूमांनी समजावल्यावर मालकीण आत गेली आणि काळ्या द्राक्षांचे दोन घड घेऊन आली. ते मात्र इंदूनं घेतले. बारीक, बियांची द्राक्षं, पण काय गोड होती म्हणता!

आणि मला चेव आला. सकाळी जिची लाज वाटत होती, तिच्यापायी आता भाव मिळायला लागला होता. मग मी गप्प कसा बसेन? उठलो, मधोमध जाऊन उभा राहिलो. "मगदूम, सांगा यांना. का अनवाणी चालते ते सांगा."

ही गोष्ट मी कोल्हापुरात शंभर वेळा सांगितली असेल. बावीस वर्षांपूर्वी, ऐन नवरात्रात, अष्टमीच्या दिवशी, फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाचं भांडं कलंडलं आणि माझा डावा पाय मांडीपर्यंत भाजला. दीड महिना दवाखान्यात होतो. पाय काढायची भाषा चालली होती. त्या नवरात्रात इंदू अनवाणी राहिली आणि माझा पाय वाचला. तेव्हापासनं दर वर्षी. "नवऱ्याच्या एका पायासाठी बायकोनं आपले दोन्ही पाय देवीला वाहिले," हे माझं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं. त्यावर बायका हमखास डोळे पुसायच्या.

इथंही तेच झालं. मगदूमांनी छान रंगवून सांगितलं. मी चड्डी वर करून मांडीवरचा भाजल्याचा डाग दाखवला. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. मालकिणीनं छातीवर हात ठेवला. माझी छाती किती फुगली म्हणून सांगू!

इंदू द्राक्षं खात होती. तिनं मान वर केली नाही. मुठीतल्या बिया कोपऱ्यात टाकून आली, कार्डावरचा शिक्का बघितला आणि सायकलवर टांग टाकली.

पुढचा रस्ता चढ-उताराचा होता. माझा गुडघा ठणकायला लागला होता, म्हणून मी मागं पडत होतो. मगदूम पुढं निघून गेले. पंचावन्नाव्या किलोमीटरच्या आसपास एका वळणावर इंदू मला दिसली. मळ्याच्या दगडी बांधावर बसलेली. एक पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन टाच बघत होती.

"काय झालं गं?"

"काटा."

बांधाजवळ उतरली तेव्हा कुठल्यातरी रानवेलीचा काटा टाचेत गेला होता. चांगला मुरलेला. तिनं जर्सीवर नंबराचा कागद लावलेली पिन काढली आणि ओठ दाबून टाच उकरली. काटा निघाला. मागोमाग रक्ताचा थेंब आला. तिनं बाटलीतलं पाणी ओतलं. पुन्हा थेंब आला.

दुसरं ठाणं चार किलोमीटरवर होतं.

खरंच सांगतो, त्या वेळी मला स्वतःचं काही सुचलं नाही, मला तिचीच काळजी वाटली. मी तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "इंदू, बास झालं आता. माझे मोजे घाल. वर बूटही घाल, मी पिशवी आणलीय. जखमेत माती गेली तर पाय पिकेल. आणि देवीचं म्हणशील तर, माझ्यासाठीच धरलंयस ना हे? मग मीच सांगतो. फिटलं. मी सोडवलं तुला यातनं."

ती पिन परत कागदाला लावत होती. लावून झाली.

"तुम्ही भाजलात कधी?" तिनं विचारलं.

"अष्टमीला."

"आणि मी अनवाणी कधीपासनं होते?"

मी बोटांवर दिवस मोजले. घट बसल्यापासनं. म्हणजे माझ्या पायावर लोखंड सांडलं तेव्हा ही सात दिवस अनवाणीच होती. दवाखान्यात धावत आली तीच उघड्या पायांनी. बावीस वर्षांत माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं.

"मग कशासाठी?"

"त्या वर्षी उन्हाळ्यात मला राष्ट्रीय खो-खोला पंच म्हणून बोलावलं होतं. जबलपूरला. आठवतंय?"

आठवत नव्हतं.

"दहा दिवस जायचं होतं. तुम्ही म्हणालात, कशाला? मी नाही म्हणून कळवलं. त्याच्या आधी पुण्याचं ट्रेनिंग आलं होतं. तेव्हा मामंजी म्हणाले, कशाला? तेही सोडलं. त्याच्याही आधी खेळायचं सोडलं. तुम्ही कुणी मारलं नाही, ओरडला नाहीत. नुसतं 'कशाला?' म्हणायचा आणि मी सोडायची." ती हे सगळं अगदी शांत आवाजात बोलत होती. "मग नवरात्र आलं. म्हटलं, एक गोष्ट अशी धरू की कुणाची 'कशाला?' म्हणायची छाती होणार नाही. देवीचं म्हटल्यावर कोण बोलतोय? तिच्याकडं मी मागितलं काहीच नाही. तुमचा पाय वाचला, फार चांगलं झालं. मी रडले होते तुमच्यासाठी. पण हे तुमच्यासाठी नव्हतं. हे माझं होतं. तुम्ही गावभर तुमच्या नावावर सांगत फिरलात, तरी मी काही म्हटलं नाही, कारण धरून तर मीच होते. बावीस वर्षांत 'हे सोड' म्हणून मला कुणी म्हणालं नाही. आज सकाळी तुम्ही म्हणालात. आणि आता परत म्हणताय."

खाली मळ्यात दोन बाया राहिलेले घड तोडत होत्या. त्यांच्या कात्र्यांचा आवाज येत होता. मला लाज वाटली. सकाळी चौकात वाटली होती ती लाज नव्हेच, ही आतनं आली.

मग मी वाकलो आणि माझ्या बुटांचे बंद सोडायला लागलो.

"हे काय करताय?"

"मी पण येतो तसाच. उरलेले वीस किलोमीटर."

"घाला ते बूट," ती म्हणाली. "माझं आहे म्हटलं ना आत्ता?"

मी मुकाट्यानं बूट घातले.

दुसऱ्या ठाण्यावर गर्दी होती. स्काल्झा आली म्हणून लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. सिल्व्हियाबाई मोटारीनं पुढं येऊन बसल्या होत्या, शेजारी क्लाउदिओ यादी घेऊन, आणि आमच्या आधी पोचलेले मगदूम. इंदूनं न सांगता खुर्चीवर बसून पाय पुढं केला आणि टाचेवर बोट ठेवून दाखवलं. लपवालपवी तिच्या रक्तातच नाही. बाईंनी कापूस फिरवला. कापसावर लाल ठिपका उमटला.

टाळ्या थांबल्या. क्लाउदिओनं मान हलवली आणि झाडूगाडीला फोन लावायला लागला.

सिल्व्हियाबाईंनी त्याचा हात धरला. मग मगदूमांशी बराच वेळ बोलल्या. बोलता बोलता माझ्याकडं, माझ्या मांडीकडं बघत होत्या.

"त्या काय म्हणतायत," मगदूम खूश होऊन म्हणाले, "नियमानं थांबवायला पाहिजे. पण नवऱ्याच्या पायासाठी धरलेलं व्रत मोडायचं पाप मी डोक्यावर घेणार नाही. जाऊ दे म्हणतायत वहिनींना! खराडे, तुमची गोष्ट कामी आली बघा."

बाईंनी शिक्का उचलला. इंदू माझ्याकडं बघत होती.

मला गप्प बसता आलं असतं. शिक्का कार्डापासनं वीतभर वर होता. गप्प बसलो असतो तर तिची राइड पुरी झाली असती आणि माझी गोष्टही शाबूत राहिली असती. बोललो तर तिची सकाळपासनची सगळी मेहनत माझ्या तोंडापायी टेम्पोत जाणार होती. पण बावीस वर्षं मी तिचं आपल्या नावावर मिरवलं होतं. आता ते शिक्का मारून कायमचं माझं होणार होतं.

"मगदूम, थांबवा त्यांना," मी म्हणालो. "मी सांगितलं ते खोटं होतं."

"अहो खराडे!" मगदूम दबक्या आवाजात ओरडले. "शिक्का तर पडू दे आधी!"

"आधी सांगा."

ते सांगेनात. मग मीच पुढं झालो. माझं इंग्रजी फौंड्रीतलं, पण त्या दिवशी कुठनं जोर आला कुणास ठाऊक. "डॉक्टर, नॉट फॉर माय लेग. आय टेल लाय. ट्वेंटी टू इयर्स लाय. धिस इज हर. ओन्ली हर."

सिल्व्हियाबाईंनी शिक्का खाली ठेवला. इंदूकडं बघून त्यांनी काहीतरी विचारलं. खरं का, असं असणार. इंदूनं होय म्हणून मान डोलावली. बाई पुन्हा बोलायला लागल्या, या वेळी सावकाश, आणि मगदूम आता न रंगवता सांगत गेले.

"म्हणतायत, नवऱ्यासाठी असतं तर मी दया करून सोडणार होते. तिचं स्वतःचं असेल तर माझी दया तिला कशाला? पाय तिचा आहे. तिलाच विचारा, काय करायचं ते."

विचारायची गरज पडली नाही. इंदू उठली. दुसरा पाय वर घेतला आणि काटा लागलेल्या टाचेवर सगळा भार टाकून एका पायावर उभी राहिली, मैदानावर पोरींना उभं करते तशी, ताठ. हलली नाही. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"गो," ती म्हणाली.

सिल्व्हियाबाई खळखळून हसल्या. टाचेला औषध लावलं आणि कार्डावर असा शिक्का हाणला की टेबल हादरलं. क्लाउदिओनं फोन खिशात घातला आणि टाळ्या वाजवायला त्यानंच सुरुवात केली.

निघताना इंदू माझ्याजवळ आली. पट्टीवरनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बघितला. "सुजलाय. सावकाश चालवा. मी पुढं होते."

आणि गेली. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ती माझ्यासाठी थांबली नाही.

तिनं राइड चार वाजून दहा मिनिटांनी पुरी केली. मी पोचलो तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती आणि माझ्या मागं कुणी नव्हतं. शेवटून पहिला आलो, हे आता मी क्लबात स्वतःहून सांगतो, आणि लोक हसतात तेव्हा त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसतो. भाजलेल्या पायाची गोष्टही अजून सांगतो, पण ती आता अष्टमीपाशी सुरू होते आणि दवाखान्यात संपते. नवरात्रात कुणी नवीन माणूस म्हणालं, की वहिनी तुमच्यासाठी अनवाणी चालतात म्हणे, तर मी त्याला बसवून घेतो आणि ही सगळी हकिगत ऐकवतो. सुटका नाही त्याची.

पण मला त्या दिवसातलं सगळ्यात आवडतं ते शेवटच्या चढाआधीचं. झाडूगाडी माझ्या मागोमाग, अगदी चाकाला चाक लावून चाललेली. ड्रायव्हर चांगला माणूस होता. शेजारी गाडी आणून त्यानं खुणेनं विचारलं, बसतोस का? मी नको म्हणालो. पाय टेकून दम खात उभा राहिलो. समोरच्या टेकडीवर द्राक्षाच्या ओळींमधनं पांढरा रस्ता वर गेला होता आणि त्याच्या पार टोकाला एक लाल जर्सी चढताना दिसत होती. ड्रायव्हरनं खिडकीतनं हात काढून दाखवलं.

"स्काल्झा!" तो म्हणाला. "यू, यू... युवर वाइफ?"

येस, माय वाइफ, हे माझ्या ओठांवर आलेलं होतं. छाती तर फुगलेलीच होती, इतकी की गुडघ्याची आठवणही राहिली नव्हती.

"इंदुमती," मी म्हणालो. "हर नेम. इंदुमती."

त्याला म्हणता येईना. इन्दो-काहीतरी म्हणाला. मी परत सांगितलं. परत चुकला. मागं कुणी येणार नव्हतं, पाचला अजून वेळ होता आणि मला कसली घाई नव्हती. चौथ्या खेपेला त्यानं ते नीट म्हटलं, मगच मी पायडलवर पाय ठेवला.